अटकेची नोंद: कुठे शोधायची, कशी वाचायची

अटकेची नोंद शोधायला बसलेला माणूस सगळ्यात आधी गुगलवर नाव टाकतो, आणि पहिली चूक तिथेच होते. त्याच नावाचा दुसऱ्या तालुक्यातला कुणीतरी सापडतो, आठ वर्षांपूर्वीची बातमी सापडते, आणि खोली बघायला आलेल्या भाडेकरूला "कळवतो" म्हणून वाटेला लावलं जातं. उलटा प्रकारही तितकाच नेहमीचा. घरच्या माणसाला पोलीस घेऊन गेले, पोर्टलवर नाव दिसत नाही, म्हणून घरचे वाट बघत बसतात. तोवर त्याला कोर्टापुढे उभं करून कोठडीही मिळालेली असते.

नाव टाकलं की सगळा इतिहास समोर, अशी एकही सार्वजनिक यादी महाराष्ट्रात नाही. नोंद तुकड्यांत विखुरलेली असते: काही पोलीस ठाण्यात, काही पोलिसांच्या पोर्टलवर, काही कोर्टात. हे तुकडे जोडणारा धागा म्हणजे गुन्हा रजिस्टर क्रमांक, म्हणजेच गु.र.नं. शोधायचा क्रम असा: आधी ठाणं, मग क्रमांक, मग कोर्ट. नाव शेवटी, फक्त ताडून बघायला.

## टप्पा १: नेमकं काय शोधताय ते ठरवा

"त्याच्यावर केस आहे" या एका वाक्यात लोक कितीतरी वेगवेगळ्या गोष्टी कोंबतात.

ठाण्यात दिलेला तक्रार अर्ज हा नुसता अर्ज असतो. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. त्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासही करता येत नाही आणि अटकही. एफआयआर म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची पहिली खबर. त्यात नाव असलं म्हणजे अटक झाली असं नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या बऱ्याच गुन्ह्यांत पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) खाली हजर राहण्याची नोटीस देतात (पुढे कायद्याचं नाव न देता आलेली कलमं याच संहितेची). ठाण्यातली जुनी मंडळी तिला जुन्या कायद्यातल्या आकड्यावरून अजून "४१ ची नोटीस" म्हणतात. नोटीस म्हणजे अटक नव्हे. अटक झाली तरी दोषारोपपत्र दाखल होईलच असं नाही, आणि दोषारोपपत्र दाखल झालं म्हणजे शिक्षा झाली असंही नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ उडतो तो एफआयआर नसलेल्या अटकेत. मोर्चा, सण, निवडणूक, गल्लीतली भांडणं अशा वेळी कलम १७० खाली प्रतिबंधक अटक होते. पुढे चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र घ्यायला चॅप्टर केस चालते, तीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे. इथे गु.र.नं. मुळातच नसतो, त्यामुळे पोर्टलवर आणि कोर्टाच्या साइटवर कितीही शोधलं तरी काही हाती लागत नाही. तडीपारीचंही तसंच. ती महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालची हद्दपारी आहे, अटक नाही, आणि तिचा आदेश पोलीस उपायुक्त किंवा प्रांताधिकारी दर्जाच्या कार्यालयातून निघतो.

तपासा: तुम्हाला हवी असलेली गोष्ट एका ओळीत कागदावर लिहा. "अमुक तारखेच्या मारामारीत अटक झाली का" ही ओळ चालेल. "तो माणूस कसा आहे" हे कुठल्याच नोंदीत सापडत नाही.

## टप्पा २: हद्द पक्की करा

शोधाचं निम्मं काम इथे होतं, आणि नेमका हाच टप्पा लोक गाळतात. घटनेची जागा, तारीख, अंदाजे वेळ आणि संबंधित माणसाचं वडिलांच्या नावासह पूर्ण नाव एवढं आधी जमवा. मग ती जागा कोणत्या ठाण्याच्या हद्दीत येते ते शोधा.

पोलिसांचे जिल्हे आणि महसुली जिल्हे एक नाहीत. पुणे जिल्ह्यातच पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि पुणे ग्रामीण अशी तीन पोलीस घटकं आहेत. चाकणचा गुन्हा लोक पुणे ग्रामीणमध्ये शोधत बसतात. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवड आयुक्तालय सुरू झालं तेव्हापासून चाकण तिकडे आहे. वसई-विरारचं २०२० पासून मीरा-भाईंदरसोबत वेगळं आयुक्तालय आहे. डोंबिवली, कल्याण, भिवंडी ठाणे शहर आयुक्तालयात येतात.

पनवेल तर फसवण्यासाठीच बनवल्यासारखं. पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे, पण कोर्ट रायगड जिल्ह्यातलं. म्हणजे एफआयआर शोधताना "नवी मुंबई" निवडायचं आणि खटला शोधताना "रायगड".

रेल्वेच्या डब्यात किंवा फलाटावर घडलेला गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे जातो, शेजारच्या शहर ठाण्याकडे नाही. बेकायदा दारूच्या कारवाईत पकडणारे राज्य उत्पादन शुल्क विभागाचे असतील, तर ती नोंद त्या विभागाकडे असते.

सावधान: तक्रार जवळच्या ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदवून नंतर योग्य ठाण्याकडे वर्ग झालेली असू शकते. मग एकाच घटनेचे दोन क्रमांक दिसतात. कामाचा असतो तो दुसऱ्या ठाण्याचा.

## टप्पा ३: माणूस आत्ता ताब्यात असेल तर पोर्टल सोडा, ठाणं गाठा

इथे घड्याळ चालू असतं. अटकेपासून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावंच लागतं, प्रवासाचा आवश्यक वेळ सोडून. सुट्टीच्या दिवशीही रिमांड कोर्ट बसतं. शनिवारी संध्याकाळी उचललं म्हणजे सोमवारपर्यंत काही होणार नाही, ही समजूत चुकीची आहे. रविवारी दुपारी कोर्टाच्या आवारात वकिलाशिवाय उभी असलेली कुटुंबं मी बरीच पाहिली आहेत.

ठाण्यात गेल्यावर या क्रमाने विचारा:

१. माणूस अटकेत आहे, की चौकशीला बोलावलाय? उत्तर गोल मिळालं तर "अटक पंचनामा झालाय का?" असं थेट विचारा. कलम ३६ प्रमाणे अटकेचा मेमो करावा लागतो. त्यावर कुटुंबातल्या किंवा त्या भागातल्या एका तरी साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही लागते.

२. अटकेची वेळ काय लिहिली आहे? २४ तास तिथून मोजायचे. उचलल्याची वेळ आणि कागदावरची वेळ यांत फरक असेल तर तुमच्याकडची वेळ लगेच लिहून ठेवा आणि वकिलाला सांगा.

३. गु.र.नं. आणि कलमं कोणती?

४. तपास अधिकारी कोण, आणि हजर कोणत्या कोर्टात करणार?

अटकेची खबर नातेवाइकाला किंवा त्या माणसाने सांगितलेल्या व्यक्तीला देणं हे कलम ४८ प्रमाणे पोलिसांचं काम आहे आणि तशी नोंद ठाण्याच्या वहीत करावी लागते. अटकेची कारणंही सांगावी लागतात. ती लेखी आणि त्या माणसाला कळेल अशा भाषेत द्यायला हवीत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं. तो कागद मागा. चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ मध्ये आहे, मात्र वकील पूर्ण चौकशीभर शेजारी बसू शकत नाही.

ठाण्यात दाद लागली नाही तर जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन करा. अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप यांची माहिती ठेवणारा अधिकारी प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्यात नेमणं कलम ३७ ने बंधनकारक केलं आहे. ही माहिती ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायची आहे, डिजिटल स्वरूपातही चालते. फळा बहुतेक ठाण्यांत असतो. त्यावर काय लिहिलंय ते वाचण्याआधी कधीची तारीख आहे ते वाचा.

वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर मोफत वकील मागता येतो. अटकेतल्या माणसाला हा हक्क आहे, उत्पन्नाचा दाखला जमवत बसू नका.

सावधान: महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला पोलीस अधिकारी आणि दंडाधिकाऱ्यांची आगाऊ परवानगी लागते. रात्री "चला" म्हटलं गेलं तर परवानगी कुठे आहे हे विचारायला कचरू नका.

## टप्पा ४: एफआयआर मिळवा

घाई नसेल तर इथून सुरुवात करा. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर प्रकाशित एफआयआर बघण्याची सोय आहे. पोलीस घटक, ठाणं आणि तारखा भरून शोधायचं. तारखांचा पट्टा आठवड्याभराचा ठेवा. वर्षभराचा टाकला की यादीत हरवून जाल. शिवाय तारीख घटनेची नाही, गुन्हा दाखल झाल्याची असते. फसवणुकीत या दोहोंत सहज सहा महिन्यांचं अंतर पडतं.

सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये आदेश दिला की एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायची. दुर्गम भागात इंटरनेटची अडचण असेल तर ही मुदत ७२ तासांपर्यंत ताणता येते. त्याच आदेशात संवेदनशील गुन्ह्यांना सूट आहे: लैंगिक अत्याचार, पोक्सो, दहशतवाद, बंडखोरी असे. म्हणून पोर्टलवर नाही म्हणजे गुन्हाच नाही, असं कधीही धरू नका.

नक्कल मिळवायचे रस्ते माणसागणिक वेगळे. फिर्यादीला किंवा पीडिताला प्रत फुकट मिळते, कलम १७३(२) प्रमाणे; झेरॉक्सचेही पैसे द्यायचे नाहीत. आरोपीला किंवा त्याच्या वतीने नातेवाइकाला ठाण्यात अथवा अधीक्षकांकडे अर्ज करून २४ तासांत प्रत मिळायला हवी. संबंध नसलेल्या तिसऱ्या माणसाला पोर्टलवर जे आहे तेवढंच.

काही जिल्हा पोलीस आपल्या संकेतस्थळावर अटक आरोपींच्या याद्याही टाकतात. त्या कामाच्या असतात, पण त्या दिवसापुरत्या. दुसऱ्या दिवशी जामीन झाला तरी जुनी यादी तशीच राहते.

## टप्पा ५: एफआयआर वाचा, पण मागून पुढे नाही

बहुतेक जण थेट फिर्यादीची हकीकत वाचतात. ती एका बाजूची आणि रागात सांगितलेली असते. आधी वरचे रकाने वाचा.

पहिल्या रकान्यात जिल्हा, ठाणं, क्रमांक, वर्ष आणि तारीख. दुसऱ्यात कायदा आणि कलमं. तिसऱ्यात घटना कधी घडली आणि ठाण्यात खबर कधी आली. पुढे उशिराच्या कारणाचा वेगळा रकाना आहे, तो या दोन वेळांशी जुळवून बघा. सातव्या रकान्यात आरोपींचा तपशील. "अनोळखी इसम" लिहिलं असेल तर त्या दिवशी पोलिसांकडे नाव नव्हतं. नंतर झालेली अटक या कागदावर येत नाही, एफआयआर बदलत नसते.

कलमं वाचताना आकड्यावर जाऊ नका, कायद्याचं नाव आधी बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी भादंवि (भारतीय दंड विधान), नंतरच्याला ही न्याय संहिता, म्हणजे भान्यासं. जुन्या कायद्यात ३०२ म्हणजे खून. नव्यात खून १०३ मध्ये गेला आणि ३०२ हे धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचं कलम झालं. जुन्यात ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवध, नव्यात ३०४ म्हणजे हिसकावून चोरी, आपल्याकडची सोनसाखळीवाली. साखळी चोराला खुनी ठरवणारा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरायला एवढी एक गफलत पुरते.

नेहमी दिसणारे बदल लक्षात ठेवा: ४२० चं ३१८(४), ३७९ चं ३०३(२), ४९८अ चं ८५, ३४ चं ३(५). शेवटचं कलम "सगळ्यांनी मिळून" एवढंच सांगतं. तो वेगळा गुन्हा नाही, त्यामुळे कलमं मोजून गुन्ह्याचं वजन काढू नका.

सावधान: एफआयआरची प्रत ग्रुपवर टाकू नका. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भान्यासंच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. अल्पवयीनाची ओळख, मग तो पीडित असो वा आरोप असलेला, बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली झाकलेली आहे.

## टप्पा ६: कोर्टातली नोंद शोधा

ई-कोर्ट्सच्या साइटवर राज्य, जिल्हा आणि न्यायालय संकुल निवडा. मुंबईसाठी दंडाधिकारी न्यायालयं आणि सत्र न्यायालय यादीत वेगवेगळ्या नावांनी आहेत, दोन्हीकडे बघा. मग पक्षकाराच्या नावाने शोधण्याचा मोह टाळून एफआयआर क्रमांकाचा पर्याय उघडा: ठाणं, क्रमांक, वर्ष. प्रलंबित आणि निकाली असे दोन्ही प्रकार निवडा; नुसतं प्रलंबित ठेवलं तर संपलेला खटला दिसणार नाही.

काहीच आलं नाही तर नावाने शोधा. तिथे किमान तीन अक्षरं आणि वर्ष लागतं. नावं इंग्रजी स्पेलिंगने भरलेली असतात आणि भरणाऱ्याने ती कानाने भरलेली असतात. "सूर्यवंशी" मधला व व्ही आहे की डब्ल्यू, "शिंदे" ला शेवटी आय आहे की ई, सगळे प्रकार करून बघा. आडनावाचा मधला तुकडा टाकणं जास्त फळतं.

खटला सापडला की सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या खटल्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून घ्या. हा १६ अक्षरांचा असतो: राज्याची दोन अक्षरं, जिल्ह्याची दोन, कोर्टाचे दोन आकडे, सहा आकडी अनुक्रमांक आणि चार आकडी वर्ष. पुढच्या वेळी बाकी काही भरायची गरज पडत नाही.

तपासा: खटल्याच्या पानावर एफआयआरचा तपशील असतो. तिथलं ठाणं, क्रमांक आणि वर्ष तुमच्या कागदाशी जुळतंय का? तिन्ही जुळले तरच तो तुमचा खटला. नाव जुळणं हा पुरावा नाही. एका तालुक्यात एकाच नावाचे चार पाटील मी स्वतः बघितलेत, दोघांच्या वडिलांचं नावही एकच.

उच्च न्यायालयातले जामीन अर्ज या साइटच्या जिल्हा विभागात येत नाहीत. त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाची साइट बघा आणि खंडपीठ नीट निवडा. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी कोल्हापूरला सर्किट बेंच आहे.

## टप्पा ७: "निकाली" म्हणजे काय ते वाचा

आजवर सगळ्यात जास्त चुका मी इथे झालेल्या पाहिल्या. साइटवर निकाली दिसलं की एक म्हणतो "सुटला", दुसरा म्हणतो "शिक्षा झाली". दोघंही चुकीचे असू शकतात.

आधी प्रकार बघा. जामीन अर्जाला स्वतंत्र क्रमांक आणि स्वतंत्र सीएनआर असतो. तो निकाली झाला म्हणजे जामिनाचा निर्णय झाला, इतकंच. मूळ खटला आर.सी.सी., एस.सी.सी. (हे दोन्ही दंडाधिकाऱ्याकडचे), सेशन्स केस किंवा स्पेशल केस या नावाने वेगळा चालू असतो.

मग निकालाचं स्वरूप बघा. खून, बलात्कार, दरोडा असे गुन्हे दंडाधिकाऱ्याकडून सत्र न्यायालयाकडे सोपवले जातात. सोपवले की दंडाधिकाऱ्याकडची आर.सी.सी. निकाली दिसते. खटला संपलेला नसतो, तर नव्या क्रमांकाने, बहुधा दुसऱ्या इमारतीत, तेव्हा कुठे सुरू होत असतो.

दोषारोपपत्रच दाखल झालं नाही तर समरी अहवाल, म्हणजे तपास बंद करण्यासाठी पोलिसांनी कोर्टात दिलेला अहवाल, शोधा. ही आपल्या मुंबई प्रांताची जुनी रीत. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही किंवा पुरावा नाही. ब समरी म्हणजे फिर्याद खोटी. क समरी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून झालेली तक्रार. तिन्हींत खटला चालत नाही, पण अर्थ तीन टोकांचे. पोलिसांनी समरी मागितली आणि कोर्टाने मंजूर केली यातही फरक आहे. मंजुरीचा आदेश बघितल्याशिवाय काही धरू नका.

कोठडीचे शब्द: पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. एमसीआर झाली की माणूस तुरुंगात जातो आणि जामिनाचा अर्ज पुढे सरकतो. ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काने मागता येतो, पण तो मागावा लागतो, आपोआप मिळत नाही. अमुक दिवशी सुटका असं दिनदर्शिकेवर लिहून बसलेल्यांना हे कुणी आधी सांगत नाही.

## टप्पा ८: नोंद मिळाली नाही किंवा अधिकृत प्रत हवी असेल तर

माहिती अधिकारात मागता येतं, मर्यादा ओळखून. अर्ज एकाच विषयाचा, १५० शब्दांच्या आत, सोबत १० रुपये. साधारण उत्तराची मुदत ३० दिवस. एखाद्याच्या जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, आणि तसं अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहायचं. तपासाला बाधा येईल असं, किंवा कुणाचं खाजगी असेल ते नाकारलं जाईल. "अमुक व्यक्तीवरील सर्व गुन्ह्यांची माहिती द्यावी" हा अर्ज परत येतोच. "अमुक ठाण्यात अमुक तारखेला दाखल गुन्ह्यांची संख्या आणि कलमं द्यावीत" याला उत्तर मिळतं. दोषारोपपत्र साइटवर टाकायला लावता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं आहे.

नोकरीवर ठेवण्यासाठी खात्री हवी असेल तर गुपचूप शोध घेऊ नका. त्या माणसालाच पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणायला सांगा. भाडेकरू असेल तर त्याची माहिती ठाण्यात द्या. पडताळणी पोलीस आपल्या रेकॉर्डवरून करतात, तुमच्या गुगलवरून नाही.

बँक, पासपोर्ट, व्हिसा किंवा दुसरं कोर्ट यांना साइटचा स्क्रीनशॉट चालत नाही. प्रमाणित नक्कल लागते. ज्या कोर्टात खटला चालला त्याच्या नक्कल विभागात अर्ज करायचा: खटल्याचा क्रमांक, पक्षकार, कोणत्या तारखेचा आदेश आणि किती प्रती. खटल्याशी संबंध नसलेल्याला कारण द्यावं लागतं आणि परवानगी कोर्ट देतं. जुनं प्रकरण रेकॉर्ड रूममध्ये गेलं असेल तर आठवडे लागतात, म्हणून व्हिसाच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी जाऊ नका. नक्कल हातात आली की खिडकी सोडण्याआधी पहिल्या पानावरचा क्रमांक आपल्या कागदाशी ताडून घ्या. अर्जात एक आकडा इकडचा तिकडे झाला असेल तर हातात दुसऱ्याच कुणाचा खटला येतो आणि रांग पुन्हा पहिल्यापासून.